गॅस कमी झालाय?

(दृश्य: मुंबईतल्या एका इमारतीची मागची बाजू. खिडक्यांखाली आउटडोअर युनिटांची रांग.)

मार्च लागला की तक्रार ठरलेली: एसी थंड करत नाही. उत्तरही ठरलेलं: गॅस कमी झालाय, टॉप-अप करावा लागेल. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळत नसेल तर बहुतेक वेळा दोष मळाचा.

म्हणून पाना काढायच्या आधी थर्मामीटर काढा. सेटिंग 16 अंशांवर ठेवून एसी पंधरा मिनिटं चालवा. वर फिल्टरपाशी आत जाणारी आणि खाली फ्लॅपमधून येणारी, दोन्हीकडची हवा मोजा. फरक साधारण 8 ते 12 अंश हवा. दमट दिवशी थोडा कमी दिसेल, कारण बरीचशी ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते.

आता एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा एसीचा खटका, पाडा. नुसता रिमोट दाबून काम सुरू करू नका.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात ब्लोअरची पाती, अगदी जवळून.)

फिल्टर तर घरीही धुता येतात, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. खरी गोम या लांबट पंख्यात आहे. पात्यांच्या वाकणात धूळ, ओल आणि बुरशी मिळून काळा लेप बसलाय. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा उचलत नाही. मग कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरतो. बर्फ पूर्ण कॉइलभर आणि जाड नळीवरही असेल, तर आधी हवेचा मार्ग तपासा. बारीक नळीवर आणि कॉइलच्या एका कोपऱ्यातच असेल, तर गळतीचा संशय घ्या.

पीसीबीची (सर्किट बोर्डाची) बाजू प्लास्टिकने झाका, खाली वॉशिंग बॅग बांधा. जेट पंपाचा फवारा फिन्सच्या, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या, रेषेत, वरून खाली. तिरका बसला की फिन्स आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची अडते. ब्लोअर हाताने धरून थोडा थोडा फिरवत धुवा. मोकळा सोडलात तर तो फवाऱ्याने भरधाव फिरतो आणि मार बेअरिंगला बसतो. ॲसिड नकोच. कॉइल चकचकीत दिसते खरी, पण ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि वरचा निळा संरक्षक थर जातो. कोकणात, गोव्यात, मुंबईत खारी हवा उरलेलं काम करते.

ड्रेन ट्रेच्या तोंडाशी जेलीसारखा बुळबुळीत गोळा असतो, भिंतीवर पाणी गळतं ते त्याच्यामुळे. तो काढा आणि ट्रेत लिटरभर पाणी ओता. सगळं झरझर बाहेर पडलं पाहिजे. अडखळलं तर पाइपाला कुठे पोट आलंय का पाहा. पाइपाचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची अनेकांना सवय असते, त्यानेही पाणी तुंबतं.

(दृश्य: आउटडोअर. जाळीमागे कबुतराच्या काड्या, पिसं.)

बाहेर जाताना हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा-पट्टा) हवाच, दोन मिनिटांचं काम असलं तरी. घाण मागच्या बाजूने ओढली जाते, म्हणून वरचं झाकण काढून पाणी आतून बाहेर मारा. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर (कंप्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या) मशीनचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, डिस्चार्ज करूनच हात लावा. 50 मायक्रोफॅरड छापलंय आणि मीटर 42 दाखवतोय, तर बदला. इन्व्हर्टर बोर्डात वीज तोडल्यावरही काही मिनिटं व्होल्टेज टिकतो.

गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, आता, धुलाईनंतर. बिगर-इन्व्हर्टर मशीनमध्ये गरम दिवशी आर-22 गॅसचं सक्शन (कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) 60 ते 70 पीएसआयच्या आसपास, आर-32 चं 115 ते 130. इन्व्हर्टरमध्ये आकडा कंप्रेसरच्या वेगाबरोबर हलतो, त्यावरून गॅस ठरवू नका. खरंच कमी वाटला, तर आधी फ्लेअर नटांवर (नळ्यांच्या सांध्यांवर) साबणाचा फेस लावा. गळती काढा, नायट्रोजनने प्रेशर धरून पाहा, 500 मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) व्हॅक्यूम करा. मग नेमप्लेटवर छापलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरा. आर-32 पेट घेऊ शकतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि जवळ ज्योत नाही.

एसी पुन्हा 16 वर, पंधरा मिनिटं. तीच दोन ठिकाणं मोजा. आधीचे आणि नंतरचे आकडे, तारखेसह, पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.