पानफुटीची आंबट पहाट

(दृश्य: पहाट. यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं. अंगणात, फुटक्या घमेल्यात लावलेली पानफुटी.)

मे महिना. पाच वाजून गेलेत. दिवसभरात एवढाच काय तो गारवा. घरच्या आजींनी पानफुटीचं एक पान तोडलं, कोपरा चावून जिभेवर घोळवला, थुंकला आणि डोळे बारीक केले.

"आंबट हाये बाप्पा! चिंचेवानी."

याच झाडाचं पान संध्याकाळी पुन्हा चाखायचं आहे. तोवर वावराकडे जाऊन येऊ.

(दृश्य: भर दुपार. उलंगलेलं, म्हणजे पीक काढून झालेलं वावर. काळ्या मातीच्या भेगा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फड्या निवडुंग, रुई, बोर, पळस.)

विदर्भ काही वाळवंट नाही. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, थरच्या वाळवंटातल्या जैसलमेरला दोनशेच्या आसपास. पण आपला पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरचा. पुढचे आठ महिने झाडानं स्वतःच्या हिमतीवर काढायचे. जमीन बरड असली तर पाणी ठरतही नाही, आणि नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला तर इथं कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे वाळवंटातल्या झाडांचे कितीतरी डाव आपल्या धुऱ्यावरच पाहायला मिळतात.

पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी दारं असतात, पर्णरंध्रं. अन्न तयार करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड याच दारांनी आत येतो. पण दार उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. कपाशीसारखं झाड कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमावताना पाण्याचे साधारण ४०० रेणू घालवतं. ज्वारी काटकसरी, तिचं १५० मध्ये भागतं. आणि निवडुंगाचं? ५० च्या आसपास.

एवढी बचत होते ती वेळ साधल्यामुळे. निवडुंग दिवसा दारं लावून बसतो. रात्री हवा गार झाली, पाणी उडून जायची भीती कमी झाली, की उघडतो. रात्रभर कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं मॅलिक आम्ल करून पेशींमध्ये साठवतो. उजाडलं की दारं बंद. मग ऊन वरून, माल घरातला, आणि अन्न शिजतं आतल्या आत.

पानफुटीचंही हेच. आजींना पहाटे लागलेला आंबटपणा रात्रीच्या त्या साठ्याचा. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं हे जिभेनंच ओळखलं होतं. पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव लागतं, असं त्यानं पत्रात लिहिलं. ते पत्र १८१५ मध्ये छापलं गेलं. आम्लाचं कोडं पुरतं उलगडायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. एका माणसानं तेच पान दिवसातून तीनदा चाखून पाहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दिवसभर दार बंद ठेवायची किंमत मोजावी लागते. पाणी उडालं की पान थंड होतं, आपल्याला घामानं गार वाटतं तसंच. निवडुंगाला दुपारी ती सोय नाही, त्याला ताप अंगावरच काढावा लागतो. पण उन्हाळा हळूहळू चढत गेला तर फड्या निवडुंगाच्या पेशी ५५ अंशांच्या वरची उष्णताही सोसतात. सवय व्हायला काही दिवस मिळाले पाहिजेत, एवढंच. दुसरी किंमत वाढीची. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातला साग्वारो हा निवडुंग पुढे दुमजली घरापेक्षा उंच होतो, पण पहिल्या ८ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो.

(दृश्य: पळसाची फांदी. रुईच्या पानाची पाठ, अगदी जवळून.)

पळसाचा मार्ग वेगळा. पाणी आटत आलं की पानंच टाकून द्यायची, आणि उघड्या फांद्यांवर फुलायचं. रुईच्या पानावर पांढुरकी लव आणि मेण. बाभळीची पानं इवलीशी, म्हणून वाऱ्याला उष्णता लवकर देऊन टाकतात. बोर जमिनीत खोल जाते. आपल्या वेड्या बाभळीच्या नात्यातल्या एका झाडाचं मूळ अ‍ॅरिझोनाच्या खाणीत ५३ मीटर खोल सापडलं होतं. गावातल्या विहिरीसुद्धा एवढ्या खोल नसतात.

(दृश्य: जळालेला धुरा. काळी राख.)

हा शेजारचा धुरा. पेरणीआधी सफाई म्हणून पेटवलेला. ऊन सोसणं झाडाला येतं, आग सोसणं यातल्या फार थोड्यांना. आठ महिने तग धरलेलं बोराचं रोप मृगाच्या तोंडावर असं जळालेलं पाहिलं की जीव तुटतो. धुरा पेटवू नका, असं मी हात जोडून सांगतो.

मातीतलं तरोट्याचं बी मात्र अजून शाबूत असेल. त्याचं कवच इतकं टणक की सगळं बी एकाच पावसाला उगवत नाही. काही यंदा, काही पुढच्या सालासाठी राखीव.

(दृश्य: दिवेलागण. पुन्हा तेच अंगण.)

आजींनी दुसरं पान चाखलं. क्षणभर थांबल्या.

"आता तं कायीच लागत नाई. काहून असं?"

सकाळचा साठा दिवसभरात संपला, आजी. अंगणातले दगड अजून तापलेले आहेत. ते निवले, अंधार दाटला, की पानफुटी दारं उघडेल. आम्ही कॅमेरा तिच्यासमोर ठेवून बसलो आहोत. दिसणार काहीच नाही. पहाटे आजींना पुन्हा एक पान मागू.