पाकिटावर काय लिहायचं?

(दृश्य: टेबलावर निमंत्रणाचं पाकीट. 'फादर' या शब्दावर चिकटवलेली कागदाची पट्टी, तिच्यावर निळ्या शाईत 'रेव्ह.')

ही पट्टी जवळून बघा. डावा कोपरा सुटलाय आणि खालचा 'फा' डोकावतोय. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं हे निमंत्रण. पाहुणे एक प्रोटेस्टंट पाळक. पाकिटं लिहून झाली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, यांना फादर म्हणत नाहीत! अक्षर माझंच आहे.

(दृश्य: सकाळच्या उन्हात सेंट अ‍ॅन्स चर्च. मग लाल चर्चचा दर्शनी भाग.)

इंदूरकर चर्च रंगावरून ओळखतात. हे पांढरं चर्च, सेंट अ‍ॅन्स, प्रोटेस्टंटांचं, १८५८ सालचं. आणि हे लाल चर्च, सेंट फ्रान्सिस, कॅथलिक बिशपांचं मुख्य चर्च. रिक्षावाल्याला एवढं पुरतं. आतल्या माणसाला मात्र आपण दोन्हीकडे 'फादर' म्हणून मोकळे होतो.

खरं तर मराठी कानाला हा फरक माहीत आहे. नारायण वामन टिळक म्हणजे रेव्हरंड टिळक. २०२० साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फ्रान्सिस दिब्रिटो म्हणजे फादर दिब्रिटो. उलटं म्हणून बघा, जीभ अडखळते. टिळक प्रोटेस्टंट, दिब्रिटो कॅथलिक.

(दृश्य: धर्मगुरूच्या गळ्यातली पांढरी गळपट्टी, अगदी जवळून.)

कपड्यावरून ओळखावं, तर तेही नाही. ही पांढरी पट्टी बोटभर रुंद, प्लॅस्टिकची. कॉलरच्या खाचेत सरकवली की बसते. मूळची प्रोटेस्टंटांची, पुढे कॅथलिकांनीही घेतली.

आता 'रेव्हरंड'. हा हुद्दा नाही, विशेषण आहे, आपल्या 'ह.भ.प.'सारखं. पत्रिकेवर ह.भ.प. छापतो, पण समोर आल्यावर 'अहो हभप' म्हणतो का? 'महाराज' म्हणतो. तसंच पाकिटावर रेव्हरंड, आणि बोलताना पाळकसाहेब. 'पास्टर' म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. मराठी ख्रिस्ती माणसांनी त्याचा 'पाळक' केला. आपल्या भाषेतला इतका नेटका शब्द सोडून आपण 'फादर' का म्हणतो, हे मला अजून कळलेलं नाही.

'फादर' न म्हणण्याला कारणही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका. बरेच प्रोटेस्टंट हे शब्दशः धरतात. कॅथलिक पौलाकडे बोट दाखवतात. त्यानं स्वतःला करिंथच्या मंडळीचा बाप म्हटलंय. वाद जुना आहे. गंमत अशी की 'फादर' नको म्हणणाऱ्यांनाही गाव 'पाद्री' म्हणतं, आणि पाद्री म्हणजे पोर्तुगीज भाषेत बापच! चावी आणि पगार आले त्याच वाटेनं हा शब्द आला. महूची छावणी इथून जवळच. भारतीय लष्करात धर्मशिक्षकांची पदं आहेत: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री वगैरे. तिथं हा सरकारी शब्द आहे.

(दृश्य: इंदूर ख्रिश्चन कॉलेजची इमारत.)

१८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी या भागात आले. १८८७ मध्ये रेव्हरंड विल्की यांनी हे कॉलेज सुरू केलं. या लोकांकडे बिशप नव्हतेच. त्यांच्या नावातच कारभार आहे: ग्रीक 'प्रेस्बिटेरोस' म्हणजे वडीलधारा. इंग्रजी 'प्रीस्ट'ही त्याच शब्दाची झिजलेली पोर. 'बिशप'चा मूळ अर्थ देखरेख करणारा, 'डीकन'चा सेवा करणारा. मराठी बायबलात हे तिघं भेटतात ते असे: अध्यक्ष, वडील आणि सेवक. आणि जमलेले सगळे मिळून 'मंडळी'! वाचलं तेव्हा आमच्या मंडळाची कार्यकारिणीच डोळ्यांपुढे आली. फक्त आमच्याकडे सेवक कमी आणि अध्यक्ष जास्त.

मग २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. बिशप असलेले अँग्लिकन आणि बिशप नसलेले प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे सहा मंडळ्या एकत्र आल्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आता पदांची नावं कुणाकडची घ्यायची? बिशप अँग्लिकनांकडून राहिले. मॉडरेटर, म्हणजे सभेचं अध्यक्षपद, प्रेस्बिटेरियनांकडचं. म्हणून आज या चर्चचा प्रमुख एकाच वेळी बिशपही असतो आणि मॉडरेटरही. आणि स्थानिक चर्च सांभाळणारा 'प्रेस्बिटर'. जुळवून घेतलेल्या सोयरिकीत दोन्हीकडची आडनावं लावावीत तसं. जमीनजुमल्याचे दावे पुढे कोर्टात गेले.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचं, आणखी वेगळं. तिथं पाळकाला कॅप्टन, मेजर म्हणतात, सर्वांत वर जनरल. १८८२ साली मुंबईत ही फौज उतरवणाऱ्या बूथ-टकर साहेबानं स्वतःचं नाव फकीर सिंग ठेवलं होतं! केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरात धर्मगुरू म्हणजे 'अच्चन', पुन्हा बापच. पण ऑर्थोडॉक्स अच्चनला बायकोमुलं असू शकतात, कॅथलिक फादर सहसा अविवाहित. बिशपांच्या नावाआधी 'मार' लागतं, सिरियाक भाषेत 'माझे स्वामी'.

'व्हेनरेबल' या शब्दाशी जपून. अँग्लिकन परंपरेत ती हयात आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची, उपाधी. कॅथलिकांत ती मृत्यूनंतर मिळते, संतपदाच्या वाटेवर. त्या वाटेवर पुढे 'धन्य'.

(दृश्य: सिस्टर राणी मारिया यांचं छायाचित्र, मेणबत्त्या.)

सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन. उदयनगरहून इंदूरला येताना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी याच शहरात 'धन्य' घोषित. सिस्टर धर्मगुरू नसतात. ते नात्याचं नाव आहे.

(इथे वीस सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: चर्चचं फाटक, दुपार. पाकीट हातात.)

पट्टी लावलेलं पाकीट घेऊन आम्ही गेलो. फाटकावर चौकीदाराला विचारलं, रेव्हरंड साहेब आहेत का? तो जरा गोंधळला. मग आत वळून ओरडला, "फादरजी, कोई मिलने आए हैं!"

आणि पाळकसाहेब चपला सरकवत बाहेर आले.