बाई बोलत नाहीत

टेबलावर रंगीत कांड्या पसरल्यात. बाईंनी एक उचलली, एकदाच म्हणाल्या, 'उन रेग्लेत'. एक कांडी. आणि गप्प झाल्या.

वर्गात चुळबुळ. मग मागून कोणीतरी हळूच, 'रेग्लेत?' शाबासकी नाही, नकारही नाही. बाईंनी लाल कांडी उचलली. 'उन रेग्लेत रूज.' पुन्हा शांतता.

(इथे फक्त वर्गाचा आवाज.)

फ्रेंचचा हा पहिला तास. या कांड्या मुळात गणिताच्या. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी आकडे हाताला कळावेत म्हणून त्या घडवल्या. पांढरी १ सेंटिमीटरची, नारिंगी १०ची. शिक्षणतज्ज्ञ कॅलेब गॅटेग्नो यांनी त्या भाषेच्या वर्गात आणल्या आणि १९६३मध्ये ही मूक पद्धत पुस्तकात मांडली. शिक्षकानं आवरतं घेतलं, तरच शिकणाऱ्याला जागा मिळते. बाईंचं हे गप्प राहणं आळस नाही, ती मेहनत आहे. त्यांचे डोळे बघा.

आता भिंतीवरचा तक्ता. इथे रंग अक्षराला नाही, ध्वनीला आहे. फ्रेंचमध्ये 'ओ' कधी एका अक्षरानं लिहितात, कधी दोन, कधी तीन अक्षरांनी. रंग मात्र तोच. घोकंपट्टीशिवाय उच्चार सापडतो.

काही आठवड्यांनंतरचा हाच वर्ग. दोघांच्या मध्ये पुठ्ठा उभा केलाय. हिनं अलीकडे कांड्यांचं घर रचलंय, पलीकडे त्याला ते दिसत नाही. निळी आडवी की उभी, हे हिनं सांगितल्याशिवाय त्याचं घर उभं राहणार नाही. बोलायची गरज खरी आहे. नुसतं व्याकरण येणं पुरत नाही, कोणाशी, कुठे, केव्हा काय बोलावं हेही यावं लागतं, असं अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी १९७२मध्ये छापून आलेल्या निबंधात म्हटलं होतं. संवादातून भाषा शिकवणाऱ्यांना त्याचा मोठा आधार मिळाला.

५० जणांच्या वर्गात हे अवघड जातं, आणि लेखी परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते.

पुठ्ठा निघाला. दोन्ही घरं शेजारी शेजारी. आता ती हिरवी कांडी दाखवून म्हणते, 'उन रेग्लेत वेर'.

बाईंनी तीन बोटं वर केली. एका शब्दाला एक बोट. त्यातलं तिसरं हललं. 'रेग्लेत' फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून 'हिरवी'चं रूपही बदलायला हवं.

ती थांबते. बोटाकडे बघते.

'वेर... वेर्त.'

बाईंनी हात खाली घेतला.