मर्फी ते मँटिओ: नॉर्थ कॅरोलिनातली लहान गावं

मंडळी, नॉर्थ कॅरोलिनात राज्याचा पसारा सांगायचा तर लोक ‘मर्फी ते मँटिओ’ म्हणतात. मर्फी पश्चिमेच्या डोंगरात, मँटिओ पूर्वेला रोआनोक बेटावर. मधे साडेपाचशे मैलांच्या आसपास रस्ता, म्हणजे न थांबता नऊ-साडेनऊ तास गाडी. आपल्या डोक्यात मात्र कोकण असतं. सकाळी महाबळेश्वर सोडायचं, आंबेनळी घाट उतरायचा आणि दुपारी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर टेकायचं. त्याच हिशेबानं इथे तीन दिवसांच्या सुट्टीत ‘समुद्र पण, डोंगर पण’ असा बेत आखला जातो आणि ती सुट्टी आय-४० महामार्गावर संपते. तेव्हा एका सुट्टीत एकच टोक धरा. राजधानीजवळच्या केरी-मॉरिसव्हिलकरांना समुद्र जवळ, शार्लटकरांना डोंगर जवळ.

आता गावं कोणती निवडायची? इथली बघण्याजोगी लहान गावं बहुतेक अशी आहेत, की ज्यांच्याकडे व्यापारानं किंवा सरकारनं कधी ना कधी पाठ फिरवली. हातात पैसा खेळत राहिला असता तर जुनं पाडून नवं बांधलं असतं. गाव कशावर उभं राहिलं आणि ते कुठे थांबलं हे आधी समजून घेतलं, की तिथे काय बघायचं आणि किती दिवस राहायचं हे ठरवणं सोपं जातं.

एडन्टन हे याचं चांगलं उदाहरण. आल्बेमार्ल साउंड या विस्तीर्ण खाडीच्या काठचं हे बंदर वसाहतकाळात भरभराटीला आलं होतं. पुढे समुद्राकडे उघडणारं रोआनोक इनलेट गाळानं भरत गेलं आणि १८०५ मध्ये सुरू झालेल्या डिस्मल स्वॉम्प कालव्यानं माल व्हर्जिनियातल्या नॉरफोककडे वळवला. गाव जिथल्या तिथे राहिलं. म्हणून १७५८ चं क्युपोला हाउस आणि १७६७ चं विटांचं कोर्टहाउस आज चालत बघता येतं. २५ ऑक्टोबर १७७४ ला इथल्या ५१ बायकांनी ब्रिटिश चहा आणि कापड न वापरण्याच्या ठरावावर स्वतःच्या नावानं सह्या केल्या. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली ती १९०५ ला, म्हणजे त्यानंतर १३१ वर्षांनी.

पण एडन्टनला फक्त चहाची गोष्ट ऐकून परत येऊ नये. हॅरिएट जेकब्ज ही गुलामगिरीत जन्मलेली बाई याच गावची. मालकाच्या छळातून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या छपराखाली, जेमतेम तीन फूट उंचीच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली आणि १८४२ मध्ये बोटीनं उत्तरेला निसटली. तिचं आत्मकथन १८६१ मध्ये छापलं गेलं. ते घर आता उरलेलं नाही, पण तिच्या आयुष्याशी जोडलेल्या जागा गावात दाखवतात. एक मुक्काम पुरतो. बुलडोझर आणि बिल्डर यांच्यापासून वाचलेलं गाव कसं दिसतं, ते सकाळी लवकर चालत फिरलं की कळतं.

बोफर्ट हे दुसरं. हॉटेल बुक करताना राज्याचं नाव नीट वाचा. याच स्पेलिंगचं एक गाव साउथ कॅरोलिनात आहे, उच्चार वेगळा, आणि ते कित्येक तास दूर. ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ हे जहाज १७१८ मध्ये इथल्या इनलेटच्या तोंडाशी वाळूत रुतलं. अवशेष १९९६ मध्ये सापडले आणि त्यातल्या वस्तू गावातल्या सागरी संग्रहालयात बघायला मिळतात. प्रवेश मोफत.

गावासमोर, अरुंद खाडीपलीकडे रेचल कार्सन राखीव क्षेत्राची बेटं आहेत. तिथे मोकळे घोडे चरतात. घोड्यापासून निदान ५० फूट लांब राहायचं. छोट्या बोटी तिकडे नेऊन सोडतात. बोटीत बसण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या: शेवटची परतीची बोट कधी, आणि ओहोटी कधी. ओहोटीला चिखलपट्टा उघडा पडतो, मग खूप चालता येतं आणि पक्षीही जास्त दिसतात. मात्र त्या चिखलात कालवांचे शिंपले असतात आणि पाय ब्लेडनं कापल्यासारखा कापला जातो. चपला निसटतात, मागून बांधलेले जुने बूट हवेत. प्यायचं पाणी सोबत न्यायचं, बेटावर काही मिळत नाही.

खरा वेळ द्यावा तो ऑक्रकोकला. या बेटावर पूल नाही. तिथे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींचे तीन मार्ग वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत. हॅटरसहून येणारी गाड्यांची फेरी तासाभराची. तिथे जागा राखून ठेवता येत नाही, जो आधी रांगेत तो आधी. जुलैतल्या शनिवारी सकाळी दहाला पोचलात तर उन्हात दोन-तीन फेऱ्या समोरून निघून जाताना बघाल. शिवाय ती बेटाच्या उत्तर टोकाला उतरवते, गाव तिथून तेरा-चौदा मैल पुढे. सीडर आयलंड आणि स्वान क्वार्टर इथून सुटणाऱ्या फेऱ्या दोन ते पावणेतीन तासांच्या. त्यांना भाडं पडतं, पण आरक्षण होतं आणि त्या थेट गावातल्या बंदरात लागतात. केरीहून निघणाऱ्यांना स्वान क्वार्टर सोयीचं. सुटण्याच्या अर्धा तास आधी धक्क्यावर हजर नसलात तर आरक्षण जातं. वारा जोरात असला किंवा साउंडमधलं पाणी उतरलं तर फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या दिवशी संध्याकाळचं विमान ठेवू नका.

ऑक्रकोकमध्ये पूर कसा येतो हे समजलं की तिथली उंच खांबांवर चढवलेली घरं समजतात. वादळ जवळ येताना वारा पॅम्लिको साउंडचं पाणी आधी मुख्य भूमीकडे ढकलतो. वादळाचा मध्य पुढे सरकला की वाऱ्याची दिशा फिरते आणि तेच पाणी उलटं बेटावर येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळात गाव बुडालं ते समुद्राच्या लाटांनी नव्हे, मागच्या बाजूच्या साउंडनं. त्यानंतर अनेकांनी जॅक लावून अख्खी घरं उचलून घेतली. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत धोका जास्त. सप्टेंबरात पाणी कोमट आणि गर्दी कमी असते, म्हणून मोह होतो. गेलात तर प्रवासविमा आधीच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाला लागू होत नाही.

गावात १८२३ चं पांढरं, ७५ फुटी दीपगृह आहे. वर चढू देत नाहीत. गाव सायकलनं पालथं घालता येतं. बेटाचा जवळजवळ सगळा समुद्रकिनारा राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे हॉटेलांची भिंत नाही. वाळूवर गाडी न्यायची तर परवाना लागतो. शिवाय फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि हवा मोजायचा गेज सोबत असणं बंधनकारक आहे. टायरमधली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. हवा न काढता जाणारे रुततात आणि एसयूव्ही आहे म्हणून सुटत नाहीत. साध्या गाडीवाल्यांनी रस्त्याच्या कडेची वाळूही टाळावी, ती दिसते घट्ट पण असते भुसभुशीत. पोहताना आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहा, प्रवाहाचा पट्टा अरुंद असतो.

खाण्याबद्दल. मासे खाणाऱ्यांची चंगळ: कोळंबी, खेकडे, कालवं. शाकाहाऱ्यांनी मात्र भाजी बघून फसू नये. शिजवलेली फरसबी आणि कॉलर्डचा पाला यांत डुकराच्या मांसाचा तुकडा घालण्याची इथली जुनी रीत आहे, आणि बिस्किटात, म्हणजे इथल्या मऊ पावात, चरबी असू शकते. हशपपी, म्हणजे मक्याच्या पिठाची भजी, बऱ्याचदा मासे तळलेल्या तेलातच तळतात. ‘यात मांस आहे का’ एवढंच न विचारता ‘कशात शिजवलंय’ हेही विचारा. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी हे उत्तम. डोंगरात रस्त्याकडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकतात, तिथे थांबायला माझी शिफारस लागणार नाही.

डोंगरांकडे वळू. ब्लू रिज पार्कवे ४६९ मैलांचा, त्यातले २५२ मैल या राज्यात. वेगमर्यादा ताशी ४५ मैल आणि पार्कवेवर पेट्रोल पंप नाही. शंभर मैलांना तीन तास धरा आणि टाकी भरूनच चढा. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला सगळं राज्य एकाच वीकेंडला येतं, ते का, कळत नाही. रंग उंचीप्रमाणे उतरत येतो. पाच हजार फुटांवर तो ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच चढतो, ॲशव्हिल शहराच्या दोन हजार फुटांवर महिन्याच्या शेवटाकडे आणि त्याखालच्या दऱ्यांत नोव्हेंबर उजाडतो. सुट्टी कोणत्याही आठवड्यात मिळो, फक्त उंची बदला. मंगळवार-बुधवार साधला तर खोलीही मिळेल.

ब्रेव्हार्ड हे धबधब्यांचं गाव. आग्नेयेकडून येणारी ओली हवा इथे एकदम डोंगरकड्यावर आदळते, आणि आसपास काही ठिकाणी वर्षाला ८० ते ९० इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत. इथला पाऊस बारा महिन्यांत वाटलेला आहे, म्हणून धबधबे मे महिन्यातही वाहतात. लुकिंग ग्लास धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, आजीआजोबांसाठी सोयीचा. त्याच रस्त्यावर पुढे स्लायडिंग रॉक, ६० फूट लांबीची नैसर्गिक घसरगुंडी. पाणी भर उन्हाळ्यातही ५० ते ६० अंश फॅरनहाइट, हाडं गोठवणारं. खालचा डोह डोक्यावर पाणी जाईल इतका खोल, म्हणून पोहता न येणाऱ्याला लाइफजॅकेट घाला. जुनी जाड पँट घाला, खडक कापड खातो. ड्यूपाँट जंगलातले ट्रिपल आणि हाय हे धबधबे थोडं चालून बघायचे. जीव जातात ते पायथ्याशी नव्हे, माथ्यावर. ओल्या खडकावरचं शेवाळ दिसत नाही आणि फोटोसाठी टाकलेलं एक पाऊल पुरतं. कुंपण ओलांडू नका.

ब्रायसन सिटीला सरकारनं दिलेलं वचन मोडलं. दुसऱ्या महायुद्धात विजेसाठी फाँटाना धरण बांधलं, त्यात खोऱ्यातला रस्ता बुडाला. नवा देऊ म्हणाले, सहाएक मैल बांधला, १,२०० फुटांचा एक बोगदा काढला आणि थांबले. २०१० मध्ये काउंटीला ५.२ कोटी डॉलर देण्याचं ठरून प्रकरण मिटलं. लोक त्या अर्धवट रस्त्याला ‘कुठेच न जाणारा रस्ता’ म्हणतात. बोगदा पायी ओलांडता येतो, टॉर्च हवाच. गावालगतच्या स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण पंधरा मिनिटांहून जास्त गाडी लावायची तर मार्च २०२३ पासून पार्किंग टॅग घ्यावा लागतो. एल्क (मोठं हरीण) आणि अस्वलापासून ५० यार्ड दूर राहायचं.

शेजारचं चेरोकी, म्हणजे त्याच नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचं गाव, रस्त्यावरच्या दुकानांवरून जोखू नका. तिथले पिसांचे टोप मैदानी जमातींचे, चेरोकींचे नव्हेत. १८३८ च्या सक्तीच्या स्थलांतरातून मागे राहिलेल्यांचे वंशज इथे आहेत आणि पाट्यांवर सेक्वोया या चेरोकी माणसानं आपल्या भाषेसाठी रचलेली अक्षरं दिसतात. संग्रहालय आणि शेजारचं हस्तकलांचं सहकारी दालन यांना अर्धा दिवस द्या. तिथल्या बांबूच्या आणि ओकच्या टोपल्या महाग आहेत, आणि त्या तशा असायलाच हव्यात.

शेवटचं, हेलीन वादळाबद्दल. २७ सप्टेंबर २०२४ च्या पुरानं हॉट स्प्रिंग्ज, मार्शल, चिमनी रॉक ही नदीकाठची गावं झोडपली, पार्कवेवर दरडी कोसळल्या. दुकानं एकेक करून उघडत गेली. निघण्याआधी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पानावर पार्कवेचा कोणता तुकडा बंद आहे ते बघा. नकाशाचं ॲप बंद रस्त्यावरही नेतं. जिथे जेवायचं आहे तिथे फोन करून विचारा. मुख्य रस्त्यावरूनच अपलाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट जाणाऱ्या हॉट स्प्रिंग्जमध्ये मार्च-एप्रिलच्या सुमारास पाठीवर घर घेतलेले पदयात्री येतात, तेव्हा खोल्या आधी भरतात.