गोधडी शिवणाऱ्या हातांचा हिशेब

(महाविद्यालयातल्या स्त्रीवादी विद्यार्थी गटासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या गटाने यंदा दोन कामं हाती घेतली. रविवारी एकत्र बसून गोधड्या शिवायच्या, आणि गावाकडून आलेलं कुणी आजारी पडलं तर डबा कुणी द्यायचा, दवाखान्यात कुणी थांबायचं याची यादी करायची. या दोन्हींचा संबंध काय, असं काही जणींनी विचारलं. मला तो फार जवळचा वाटतो.

गोधडी शिवली बायकांनी. उन्हाळ्यात शेतातली कामं थंडावली की जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर अंथरायचे, चौघींनी चार बाजूंना बसायचं आणि धावदोरा घालत जायचं. कुणाची लेक माहेरी परत आली, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाच्या घरचं धान्य सरलंय, हे त्या बैठकीतच कळायचं. मग कुणी न सांगता त्या घरी भाकरी पोचायची. हे सगळं मोलाचं आहे. पण त्या उबेत झोपणाऱ्या घराने शिवणारीच्या कष्टांना काम म्हणून कधी मोजलं नाही. नवरात्राआधी घरभराची अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन धुवायची, तीही तिनेच. भिजलेली गोधडी किती जड होते, हे ती पिळणारीलाच ठाऊक. म्हणून जुन्या कलेचं नुसतं कौतुक करून थांबणं मला पटत नाही.

आता थोडं दूरचं उदाहरण देते. 11 सप्टेंबर 1973 रोजी चिलीमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. हजारो माणसांना उचलून नेलं, अनेकांचा पत्ता पुन्हा लागलाच नाही. ज्यांचे नवरे, मुलं, भाऊ नाहीसे झाले त्या बायका सान्तियागोमध्ये एकत्र बसू लागल्या आणि बारदानावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. काहींनी तर हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे लावले. चित्रांत काय असायचं? पोलीस, बंद कारखाने, वस्तीतलं सामुदायिक स्वयंपाकघर, ‘ते कुठे आहेत?’ हा प्रश्न. चर्चने 1976 मध्ये सुरू केलेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या संस्थेने ही चित्रं विकत घेऊन परदेशी पाठवली. त्या पैशांतून चूल पेटली, आणि सरकार जे दडवत होतं ते बाहेर गेलं. बायकांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. त्या शिवणाऱ्यांना एकमेकींचं दुःख सांभाळणं, पोट भरणं आणि सत्तेला जाब विचारणं ही तीन वेगळी कामं कधी वाटलीच नसावीत.

आपल्याकडेही हा धागा आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. आपल्याला शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी त्या वेळी रुग्णांची उस्तवार केली, आणि त्याच आजाराने 10 मार्चला त्या गेल्या. आपण त्यांची शाळा आठवतो, हे योग्यच. पण रुग्णांची शुश्रूषाही त्यांच्या त्याच विचारांतून आली होती, असं मी मानते. ज्याला शिवायचं नाही असं समाजाने ठरवलं होतं, त्या देहाला त्यांनी हात लावला. शुश्रूषेत जात मोडावी लागते, हे त्यांनी करून दाखवलं.

तर तुमच्या गटाला माझं सांगणं इतकंच. गोधडी शिकवायला ज्या मावशी येतात त्यांची मजुरी आधी ठरवा, आणि ती त्यांना विचारून ठरवा. ‘त्या आपल्यातल्याच आहेत’ असं म्हणत कुणाचं काम फुकट घेऊ नका. त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं तर तुमच्या यादीत त्यांचंही नाव असू द्या. रविवारी टाके घालायला मुलंही येतात, याचा मला आनंद आहे. पण परवा ती यादी पाहिली तेव्हा रात्री दवाखान्यात थांबण्याच्या रकान्यात सगळी नावं मुलींचीच होती. ती यादी आज, इथून उठायच्या आधी, पुन्हा लिहा.