पहिली गिटार हाताला विचारून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

मार्च सरत आला, शाळांच्या परीक्षा उरकल्या, की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर खरेदी करताना येतो, देवळात येतो, कुणाच्या मुंजीच्या पंगतीत येतो. "ताई, मुलाला गिटार हवी आहे. कुठली घेऊ?" मी इथल्या लष्कर भागात राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत गिटार शिकवते, म्हणून लोक मला विचारतात. विचारणारे आता नुसते पालक नसतात. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते, ते स्वतःसाठी विचारत होते, आणि विचारताना खाली बघत होते. या वयात हे शोभेल का, असं त्यांच्या मनात असावं. शोभतं. आजचं बोलणं त्यांच्यासारख्यांसाठीही आहे.

कंपनीचं नाव सांगण्याआधी मी माझ्या पहिल्या गिटारची गोष्ट सांगते.

मी चौदा वर्षांची असताना बाबांनी ती आणली. लाल रंगाची, कडेला काळी पडत गेलेली, आरशासारखी चकचकीत. दुकानदारानं कपाटातून काढून दिली. तिच्या तारा किती उंच आहेत हे त्यानं पाहिलं नाही आणि आम्हाला पाहता येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं सोलून निघाली. तार दाबली तरी सूर निघायचा नाही, नुसता ठक्क असा मेलेला आवाज. माझ्या बोटांत जोर नाही, हात लहान आहेत, मला हे जमणार नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि गिटार कपाटावर गेली. ती तिथे दोन वर्षं होती.

मग आजीच्या तंबोऱ्याची जवारी काढायला एक म्हातारे कारागीर घरी आले. त्यांची नजर कपाटावर गेली. गिटार खाली घेतली, बाराव्या पडद्यापाशी डोळा नेला आणि म्हणाले, "बेटा, ये तो किसी से नहीं बजेगी." गिटारच्या पोटावर तारा अडकवायची लाकडी घोडी असते, तिच्यात एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. ती त्यांनी काढली, खालच्या बाजूनं सँडपेपरवर घासली, पुन्हा बसवली, तारा चढवल्या. चहा गार व्हायच्या आत काम झालं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, स्वच्छ वाजवली. सहाच्या सहा तारा बोलल्या. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. दोन वर्षं मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते, आणि दोष होता दोन मिलिमीटरचा.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की तारांची उंची बघा. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात, म्हणजे आपल्या सतारीचे पडदेच, फक्त सतारीचे सरकवता येतात आणि गिटारचे पक्के बसवलेले असतात. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला ते साधारण २ ते २.५ मिलिमीटर असावं. ४ भरलं तर ती गिटार नवशिक्याच्या हातात देऊ नका. उंची कमी करता येते, तीही सोप्या हिशोबानं: बाराव्या पडद्यापाशी १ मिलिमीटर कमी हवं तर घोडीतली पट्टी २ मिलिमीटर घासायची. दांडी वाकली असेल तर तिच्या पोटातल्या लोखंडी सळीला किल्लीनं फिरवून सरळ करतात, पण ते काम जाणत्यानंच करावं. दहा हजार खर्च करायचे ठरवले असतील तर आठ-साडेआठची गिटार घ्या आणि उरलेले पैसे या जुळवणीसाठी, तारांच्या जादा संचासाठी आणि जाड पिशवीसाठी ठेवा. यामाहाची एफ ३१० कित्येक नवशिक्यांनी घेतलेली आहे, मीही माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात ती पाहते. नवशिक्यासाठी ती भरवशाची आहे. पण तीही दुकानातून निघताना जुळवून घ्यावी लागते.

आता प्रकार. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ. तिच्या सहा तारांचा एकूण ताण चाळीसएक किलो, तर स्टीलच्या मध्यम-हलक्या संचाचा सत्तरच्या पुढे. म्हणून नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, घोडी उखडून येते. मी तसं झालेलं वाद्य पाहिलं आहे आणि ते बघवत नाही. मात्र नायलॉनवाल्या गिटारची दांडी रुंद असते, वरच्या टोकाला ५०-५२ मिलिमीटर, स्टीलवालीची ४३च्या आसपास. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची बोटं तिथे पोचत नाहीत, त्याला पाऊण मापाची गिटार द्या. "वाढत्या अंगाचा आहे, मोठीच घेऊ" हा शर्टाचा हिशोब इथे लावू नका. स्टीलच्या तारांची घेतलीत तर पहिला संच दहाचा मागा, बाराचा नको. दहा म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची. आवाज थोडा कमी, पण बोटं वाचतात.

आणि एक गोष्ट आपल्या ग्वाल्हेरकडच्या जुन्या घरांसाठी. पुष्कळ घरांत माळ्यावर काकांची किंवा आत्याची जुनी गिटार निघते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची हवाईयन गिटार. ब्रिजभूषण काबरांनी ती राग गाण्याइतकी समर्थ केली, विश्वमोहन भट्टांनी तिच्यातूनच मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळालं. ते वाद्य मोठंच आहे. पण त्याच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, बोटांनी दाबायच्याच नसतात. ती मुलाला देऊन "वाजव" म्हणालात, तर माझ्या चौदाव्या वर्षाची पुनरावृत्ती होईल.

इथल्या हवेचं आता बोलायलाच हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर, दुपारभर लू म्हणजे तापलेला वारा, हवेत ओल नावाला नाही. मग आषाढात सगळं एकदम भिजलेलं. लाकूड हे सहन करतं, पण गप्प बसत नाही. कोरड्या हवेत दांडीचं लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात, तबली, म्हणजे पोटावरची पातळ फळी, खाली बसते, तारा खरखरतात. पावसाळ्यात तबली फुगते, तारा वर जातात. गिटार बनवणारे खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा म्हणतात, आपल्याकडे ते कुठून व्हायचं? म्हणून माझं मत असं, की पहिली गिटार प्लायसारखे थर चिकटवलेल्या तबलीची असली तरी चालेल. एकसंध स्प्रूस लाकडाच्या तबलीचा आवाज जास्त खुलतो, पण ती हवेचे लाड मागते. गिटार पिशवीत, घराच्या आतल्या भिंतीपाशी ठेवा. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवू नका. कूलरच्या झोतात तर मुळीच नको, ती ओली हवा असते. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवाल तर गोंद मऊ होऊन घोडी सुटेल.

दुकानात काय बघायचं? एकेका तारेवर पहिल्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक सूर वाजवा, कुठे खरखर होते का ऐका. तुम्हाला येत नसेल तर जाणत्याला सोबत न्या, लाजू नका. दांडीच्या कडेवरून अंगठा फिरवा, पडद्यांची टोकं टोचतात का बघा. बाराव्या पडद्याच्या अगदी वर तारेला नुसतं टेकवून छेडा, एक घंटेसारखा सूर येतो. मग तिथेच दाबून छेडा. दोन्ही सूर एकच आले पाहिजेत, कारण ती जागा तारेच्या बरोबर मध्यावर असते आणि तिथे वरचा षड्ज सापडतो. ते सूर जुळत नसतील तर गिटार परत ठेवा, रंग कितीही आवडला असला तरी.

गिटार घरी आली. आता शिकायचं. इथे मला आपल्या गावाचा फार अभिमान वाटतो. हे ख्यालाचं गाव. तानसेनाची समाधी इथे, सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांचं घर जीवाजीगंजात, माधव संगीत महाविद्यालय १९१८पासून इथे. आपल्या घरांत सुराचा कान आधीच असतो, आणि गिटारचा अर्धा अभ्यास कानाचाच आहे. तरी मुलं मोबाइलवरच्या ट्यूनरचा हिरवा दिवा बघत खुंट्या पिळतात. ट्यूनर वापरा, पण पेटीही काढा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत पेटीच्या पट्ट्या अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी तीन. दोन पांढरी तीनमध्ये दोन सप्तकांचं अंतर आहे, तेवढी काळजी घ्या, नाहीतर तार तुटेल.

आता जाड तारेला षड्ज माना आणि बाकीच्या तारा मोकळ्या छेडा. दुसरी मध्यम, तिसरी कोमल निषाद, चौथी कोमल गंधार, पाचवी पंचम, सहावी षड्ज. (गिटारवाले तारा बारीक तारेपासून मोजतात, मी इथे जाडीकडून मोजते आहे.) ओळखलेत हे सूर? सा, कोमल ग, म, प, कोमल नि. राग धानी! कुठेही बोट न लावता, मोकळ्या तारांत धानीचे पाचही सूर बसलेले आहेत. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी आजीला हाक मारली होती. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कॉर्ड शिकवत नाही. मोकळ्या तारा छेडायच्या आणि त्यांच्याबरोबर धानी गुणगुणायचा, पंधरा मिनिटं. हात शिकायच्या आधी कान घरी येतो. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्यांना पुढे कॉर्डमधला शुद्ध गंधार किंचित चढा वाटेल. तो तसा असतोच, पेटीतही असतो, पक्क्या पडद्यांचा तो स्वभाव आहे.

मग ई मायनर, दोनच बोटं लागतात. मग ए मायनर. बोट पडद्यावर नाही, पडद्याच्या अगदी मागे टेकवायचं, अंगठा दांडीच्या पाठीशी, डाव्या हाताची नखं कापलेली. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि चार ठोक्यांना एकदा बदला. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बसा. तीन-चार आठवड्यांत बोटांना घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. एफ ही कॉर्ड पहिले काही महिने बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही. सगळी तर्जनी आडवी टाकून तारा दाबणं हे नव्या हाताचं काम नाही.

त्या बँकेतल्या काकांनी नायलॉनची गिटार घेतली. ते भजनं गातात, आणि त्यांचा षड्ज काळी एक. मी त्यांना कॅपो दिला. दांडीवर लावायचा तो चिमटा पहिल्या पडद्यावर लावला, आणि सी कॉर्डचा आकार धरला, की काळी एक मिळते. तिसऱ्यावर लावला तर काळी दोन. जीच्या आकारानं पहिल्यावर काळी चार, तिसऱ्यावर काळी पाच, म्हणून काकूंसाठीही तोच चिमटा चालतो. आता ते दोघं सकाळी देवघरासमोर बसून गातात. परवा काका जुन्या तारा बदलायला आले होते. मी सहाही एकदम काढू दिल्या नाहीत. एक काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, पेटीशी जुळवायची, मग दुसरी, म्हणजे दांडीवरचा ताण एकदम सुटत नाही. नवी नायलॉनची तार दोन-तीन दिवस उतरत राहते, हेही त्यांना सांगितलं. ते घरी गेले आणि रात्री त्यांचा फोन आला, की तिसऱ्यांदा मिळवली तरी पंचम खाली येतोय. मी म्हटलं, काका, उद्या सकाळी भजनाच्या आधी आणखी एकदा मिळवा.