मेसीज : कुठल्या दारांना कुलूप?

फिलाडेल्फियाच्या मधोमध एक दुकान होतं. दुकान कसलं, राजवाडाच. आत सात मजले उंच संगमरवरी चौक आणि चौकात ब्राँझचा भलामोठा गरुड. "गरुडापाशी भेटू," असं गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आली. वर 28 हजारांहून जास्त नळ्यांचा पाइप ऑर्गन. 1911पासून तो इथे वाजायचा आणि खाली लोक बूट घालून बघायचे, साबण हुंगायचे. मार्च 2025मध्ये मेसीजनं इथला गाशा गुंडाळला.

मेसीज ही अमेरिकाभर पसरलेली डिपार्टमेंट स्टोअरची साखळी. फेब्रुवारी 2024मध्ये टोनी स्प्रिंग तिचे सीईओ झाले आणि महिना संपायच्या आत त्यांनी बेत जाहीर केला. 2026पर्यंत सुमारे दीडशे दुकानं बंद करायची, साडेतीनशेच्या आसपास ठेवायची. कंपनीचा हिशेब असा, की या दीडशे दुकानांनी एकूण जागेपैकी 25 टक्के जागा अडवली आहे, पण विक्रीतला त्यांचा वाटा 10 टक्केसुद्धा नाही.

एवढी दुकानं आली कुठून? 2005मध्ये मेसीजच्या मालक कंपनीनं 'मे' ही प्रतिस्पर्धी कंपनीच विकत घेतली. पुढच्याच वर्षी गावोगावच्या जुन्या, लाडक्या दुकानांवर मेसीजची पाटी चढली. शिकागोत 'मार्शल फील्ड्स'चं नाव उतरवलं, तेव्हा लोक निषेधाचे फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. काही मॉलमध्ये तर एका टोकाला मेसीज आणि दुसऱ्या टोकालाही मेसीज!

मॉलमधलं मोठं दुकान बंद झालं की त्याची झळ शेजाऱ्यांना बसते. छोट्या दुकानदारांच्या करारात बहुधा एक कलम असतं: मोठं दुकान गेलं, तर आमचं भाडं कमी करा, नाहीतर आम्हीही निघालो. म्हणून एक कुलूप लागलं की मॉलवाल्याच्या पोटात गोळा येतो.

आता जे ठेवायचं, त्याचं काय? आधी 50 दुकानं निवडली. तिथे बुटांच्या विभागात आणि ट्रायल रूमपाशी माणसं वाढवली. इतकं साधं. विक्री वाढली, म्हणून 2025मध्ये हा प्रयोग सव्वाशे दुकानांत नेला. खरं तर या अख्ख्या बेतातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. पण मथळे मिळाले कुलपांना. शिवाय मॉलबाहेर, जिथे लोक किराण्याला येतातच, तिथे मूळ दुकानाच्या साधारण एक पंचमांश आकाराची छोटी दुकानं काढणंही चालू आहे.

पण मेसीजच्या भोवती घिरट्या घालणाऱ्यांचं लक्ष बुटांवर नाही, जमिनीवर आहे. न्यूयॉर्कच्या हेराल्ड स्क्वेअरमधली एकटी इमारतच बघा. 1902पासून उभी, लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने अजून चालू, आणि जागा ऐन मॅनहॅटनमधली. डिसेंबर 2024मध्ये काही गुंतवणूकदारांनी मागणी केली, की जागांसाठी वेगळी उपकंपनी काढा आणि दुकानांकडून तिला बाजारभावानं भाडं भरायला लावा.

सिअर्स या अमेरिकेतल्याच दुसऱ्या जुन्या दुकानसाखळीनं 2015मध्ये जवळपास हाच रस्ता धरला होता. 235 दुकानांच्या जागा एका नव्या कंपनीला विकल्या आणि त्यातल्या बहुतेक दुकानांत स्वतःच भाडेकरू म्हणून राहिली. ऑक्टोबर 2018मध्ये सिअर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला.